थोरलीचा शेंडा

"मी गेले असा निरोप आला तरी यांना पाणी घालू नकोस. आधी मला पोचवा, मग घरी येऊन विचार कर."

असं म्हणून आत्यांनी त्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी हसले. "काहीतरीच बोलता आत्या," म्हटलं आणि किल्ली ठकीच्या लंगोटांच्या पिशवीत टाकून दिली. ठकी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची. तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण आत्यांनी पहिल्या दिवशीच "ही तर ठकी!" म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आत्या माझ्या नवऱ्याच्या. वय सहासष्ट, लग्न केलं नाही, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी झाली. आमच्या वरच्या मजल्यावर गच्चीला लागून त्यांची एक खोली, आणि गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला त्रेचाळीस कॅक्टस. माझी आई फार लांब राहते. ठकी झाल्यापासून मला दिवसातून एकदा धड अंघोळ मिळाली, ती आत्या रोज वीस मिनिटं तिला मांडीवर घ्यायच्या म्हणून. "जा, डोक्यावरून घे. मी काही हिला विकून टाकत नाही," म्हणायच्या. त्या खोलीत मी तीनदा तरी रडले असेन, आणि तिन्ही वेळा त्यांनी काही न विचारता चहा टाकला होता.

त्यांचा खुबा झिजला होता. ऑपरेशन करून नवा सांधा बसवायचा आणि पुढचे सहा आठवडे एका निवासी केंद्रात राहून चालायला शिकायचं, असं ठरलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी त्या केंद्रात गेल्या आणि चौथ्या दिवसापासून रोज सकाळी अकराच्या ठोक्याला फोन सुरू झाला.

"थोरली कशी आहे?"

थोरली म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना कॅक्टस. सरळ खांबासारखा, माझ्या कमरेपर्यंत उंच, नऊ कडांचा. बाकीच्यांनाही नावं होती. टकल्या, जटाधारी, दोन सवती. पण चौकशी फक्त थोरलीची. एकतीस वर्षांची आहे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

पहिला आठवडा मी नुसती बघत होते. बघणं मला चांगलं जमतं. ठकी झोपली की छाती हलते का बघायचं, उठली की डोळे बघायचे, दूध प्यायली की ओठ. नवरा म्हणतो, "तू सीमेवर असतीस तर एक मुंगी आत आली नसती." तर दुसऱ्या आठवड्यात मला दिसलं की थोरलीच्या कडा आत ओढल्यासारख्या झाल्यात आणि अंगावर बारीक घड्या पडल्यात.

दोन महिन्यांपूर्वी ठकीला जुलाब झाले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एक गोष्ट शिकवली होती. पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी तशीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय, लगेच पाजायला लागा. मी पदवीधर बाई, जीवशास्त्रात चांगले गुण होते. तरी त्या क्षणी माझ्यासमोर कॅक्टस नव्हता, घड्या पडलेलं एक तहानलेलं अंग होतं. मी तांब्याभर पाणी घातलं. घड्या गेल्या नाहीत म्हणून दोन दिवसांनी आणखी एक, आणि मग रविवारी आणखी एक.

आमच्याकडची हवा काय सांगू! खाडीजवळचं गाव. धुतलेले लंगोट तिसऱ्या दिवशीही गार लागतात, मिठाच्या डब्यात चमचा उभा राहतो, कपाटातल्या चामडी पट्ट्याला मिशा फुटतात. त्यात त्या आठवड्यात सूर्याने तोंड दाखवलं नाही. कुंडीत घातलेलं पाणी जाणार कुठे?

पुढच्या गुरुवारी मी थोरलीला सहज बोट लावलं, जमिनीपासून चार बोटं वर. बोट आत गेलं.

पिकलेल्या पपईत जातं तसं गेलं. वास आला तो फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. मी ठकीला कडेवर घेऊन तिथेच उकिडवी बसले आणि नेमका फोन वाजला. अकरा.

"थोरली कशी आहे?"

"मस्त आहे, आत्या."

हे तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. मी खोटं बोलायला शिकलेच नाही असं काही नाही, पण आत्यांशी कधी खोटं बोलले नव्हते.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि मऊ भागाच्या दोन बोटं वर थोरलीला कापलं. हाताला चौदा काटे लागले. मी मोजले, कारण मोजलं की मला जरा बरं वाटतं. कापलेल्या जागी मधोमध बटणाएवढा तपकिरी ठिपका होता. म्हटलं, असेल असाच. आई गुलाबाची फांदी लावायची तसं मी केलं. ताजी माती, वरून पाणी आणि ऊब राहावी म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. आई लावायची ते गुलाब जगायचे. तीन दिवसांत पिशवीच्या आत करड्या केसांचा बुरा आला.

तेव्हा मात्र मी ठकीला झोळीत बांधलं, थोरलीला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बाजाराच्या टोकाला असलेल्या नर्सरीवाल्याकडे गेले. तो रोपांना पाईपने पाणी मारत होता. त्याने कागद उघडला, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मांजर बुडवून आणलंय.

"पिशवी घातलीत?"

"हो."

"का?"

"थंडी वाजू नये म्हणून."

"वहिनी, इथे माणसांना श्वास घ्यायला कोरडी हवा मिळत नाही आणि तुम्ही हिच्या तोंडावर पिशवी बांधलीत!" त्याने पाईप बंद केला. "हिला माया पुरे झाली. आता वारा द्या."

मग त्याने पातळ पात्याची सुरी स्पिरिटने पुसली आणि थोरलीचा तळ चकतीसारखा कापला. ठिपका दिसला. पुन्हा सुरी पुसली, पुन्हा चकती. ठिपका राईएवढा झाला. "हा एवढा जरी राहिला तरी आतून चढत जातो. बाहेरून बाई टुमटुमीत दिसते आणि आत संपलेली असते." आणखी तीन मोठाले तुकडे गेले तेव्हा कुठे आतला भाग काकडीसारखा स्वच्छ, हिरवट पांढरा निघाला. कमरेएवढ्या थोरलीचा आता वीतभर शेंडा उरला होता.

"हिला उभी ठेवायची, आडवी नाही. आडवी ठेवली तर वाकडी होते. रिकाम्या बरणीत घाला, कापलेली बाजू कशाला टेकू देऊ नका. दिवसभर पंखा. जखम टाचेच्या कातडीसारखी टणक झाली पाहिजे. कोरड्या गावात आठ दिवस लागतात, आपल्याकडे तीन आठवडे धरा. मग वाळूखडीवर नुसती उभी करायची. आणि पाणी?"

"नाही," मी म्हटलं.

"मुळं येईपर्यंत नाही. शिकलात."

घरी आणून मी तिला मुरांब्याच्या रिकाम्या बरणीच्या तोंडात बसवलं आणि फ्रीजच्या मागे, जिथे गरम हवा येते, तिथे टेबलपंख्यासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आत्या म्हणाल्या, "एक फोटो पाठव की गं तिचा. इथे भिंती बघून डोळे पांढरे झालेत."

"पाठवते," म्हटलं.

कसला पाठवते! त्या दिवशी नाही पाठवला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजत राहिला आणि मी ठकीचे कपडे पिळत राहिले. तिसऱ्या दिवशी मी फोन उशीखाली ठेवला. चौथ्या दिवशी तेच. नवरा संध्याकाळी म्हणाला, "आत्याचा मला फोन होता. तुझा फोन बिघडलाय का विचारत होती."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ठकी हात धुऊन फोनच्या मागे लागलीय. आत्या बाकी बरी आहे म्हणाली. पण तू तिला सांगून का टाकत नाहीस? झाडच आहे ते."

"तिचं एकतीस वर्षांचं झाड आहे."

"आणि तू तिची काय, कालची आहेस?"

मला भीती झाडाची नव्हतीच. मला वाटत होतं की हे कळल्यावर आत्या रागावणार नाहीत, फक्त इतकंच होईल की पुन्हा कधी किल्ली माझ्या हातावर ठेवणार नाहीत. आणि ती वीस मिनिटं, तो चहा, ती खोली, सगळं तसंच राहील, पण मी तिथे पाहुणी असेन.

पाचव्या दिवशी अकरा वाजले. फोन उशीखाली ठेवायला म्हणून हातात घेतला. वाजला नाही. सव्वाअकरा. साडेअकरा. मी सहा वेळा आवाज सुरू आहे का तपासला. बारा वाजता मी लावला. बंद लागला.

साडेबाराच्या बसमध्ये मी होते. कडेवर ठकी, खांद्यावर तिची पिशवी, पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंडा. जे काय व्हायचं ते समोरासमोर होऊ दे, असं ठरवून निघाले होते.

केंद्राच्या पहिल्या मजल्यावर लांब खोली, खिडकीजवळ आत्यांचा पलंग. बाकीचे सगळे व्यायामाला गेले होते. आत्या एकट्याच उशीला टेकून बसल्या होत्या, चादर कमरेपर्यंत. मला बघून म्हणाल्या, "या! टेलिफोन खात्याने माणूसच पाठवला वाटतं."

मी कागद उघडून शेंडा त्यांच्या पुढ्यात धरला. मग सगळं सांगितलं. घड्या, तांबे, पपई, पिशवी, बुरा. सांगताना आवाज चिरका झाला आणि ते ऐकून ठकीनेही भोकाड पसरलं.

आत्यांनी चष्मा लावला. शेंडा उलटा करून जखमेवर नख टेकवलं. आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला.

"अगं वेडे, थोरलीला मी पाच वेळा कापलीय."

"काय?"

"दर पाच-सहा वर्षांनी एखादं वर्ष असं येतं की तिचा तळ सडतोच. या हवेत कोण टिकणार? मग शेंडा कापायचा, वाळवायचा, पुन्हा उभा करायचा. पहिल्या वेळी तर मी तुझ्याही पुढे गेले होते. प्रयोगशाळेतली काचेची हंडी आणून पालथी घातली होती तिच्यावर. दोन दिवसांत आमसूल झालं होतं तिचं."

"मग तुम्ही सगळ्यांना एकतीस वर्षांची म्हणून सांगता ते?"

"एकतीस वर्षं मी तिलाच तर कापतेय! आणखी काय पाहिजे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू 'मस्त आहे' म्हणालीस ना, तेव्हाच मी ओळखलं. कॅक्टस कधी मस्त नसतो. असतो किंवा नसतो. म्हणून तर फोटो मागितला. म्हटलं, बघू किती दिवस तग धरते सूनबाई."

मला एकदम हलकं वाटलं. मी पलंगाच्या कडेला बसले. ठकीला त्यांच्या बाजूला सोडलं. ठकीला माणूस दिसलं की थापट्या मारायच्या असतात. तिने चादरीवरून आत्यांच्या पायावर एक सणसणीत थापटी मारली.

"स्स्..." आत्यांचा चेहरा क्षणभर आक्रसला.

"काय झालं?"

"काही नाही. ऑपरेशनचा पाय आहे, दुखणारच."

पण ऑपरेशन खुब्याचं आणि थापटी पोटरीवर. मी चादर उचलली. "अगं, काय हे, लाज आहे का नाही," त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. ठकीच्या प्रत्येक तपासणीला डॉक्टरीणबाई तिचे दोन्ही पाय जोडून शेजारी शेजारी धरतात आणि वळ्या सारख्या आहेत का बघतात. तेव्हापासून कुठलेही दोन पाय दिसले की माझी नजर आपोआप तुलना करते. आत्यांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती. ताणलेली, चकचकीत. मी ठकीच्या लाळेऱ्याची नाडी सोडली आणि दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून बघितली. दोन बोटांचा फरक. हात लावला तर डावी गरम.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले असतील. अगं, सूज येतेच म्हणतात. तू कुणाला सांगू नकोस हं. आणखी महिनाभर अडकवून ठेवतील मला. आज म्हणून व्यायामालाही गेले नाही, डोकं दुखतंय असं सांगितलंय. फोनही बंद करून ठेवलाय, नाहीतर तुझा नवरा खोदून खोदून विचारतो."

"नवऱ्याला नाही सांगितलंत?"

"पुरुषमाणसाला काय पोटऱ्या सांगायच्या!" त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "तुला सांगणार होते. पहिल्याच दिवशी."

मी ठकीला पलंगावर त्यांच्या हातात दिलं आणि धावत सुटले. आत्या मागून ओरडत होत्या, "अगं थांब, चहाडखोर!"

सिस्टरने टेप लावून मोजलं, पाय दाबून बघितला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन केला. तासाभरात आम्ही रुग्णवाहिकेत होतो. तपासणीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. रक्त पातळ होण्याची औषधं लगेच सुरू केली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी ठकीला पाजत होते, तशीच उठून उभी राहिले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "वेळेत आणलंत. ही सरकून फुप्फुसात गेली असती तर अवघड होतं. आता काळजी घ्यायची, पण घाबरायचं नाही. कुणाच्या लक्षात आलं हे?"

नवरा तोवर पोचला होता. "आमच्या सीमेवरच्या शिपायाच्या," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्या थट्टेचा मला राग आला नाही.

आत गेले तर आत्या हाताला सुई लावून पडल्या होत्या. मला वाटलं, आता चहाडखोर म्हणतील. त्यांनी माझा हात धरला, काटे टोचलेला, आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "शेंडा कुठे ठेवलास?"

शेंडा केंद्रातल्या पलंगावरच राहिला होता. सिस्टरने तो खिडकीत पाण्याच्या पेल्यात ठेवला होता, फुलासारखा! नवऱ्याने दुसऱ्या दिवशी जाऊन तो सोडवून आणला. ओली झालेली बाजू मी पुन्हा पातळ कापली. स्पिरिट, पंखा, बरणी, सगळं पहिल्यापासून. आता तो वीतभरही उरला नव्हता.

याला तीन महिने झाले. आत्या घरी आहेत. जिना चढायला त्यांना अकरा मिनिटं लागतात आणि प्रत्येक पायरीला त्या इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करतात. औषधं अजून चालू आहेत, पोटऱ्या मी दर रविवारी मोजते, आणि त्या मोजू देतात. गेल्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा त्या थोरलीच्या कुंडीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"उपटून बघितलंस ना हिला?"

"नाही."

"खरं सांग."

"एकदा."

"किती वेळा?"

"चार. पण आता हालत नाहीये, आत्या. ओढलं तर घट्ट बसते. आणि चौथ्या वेळी दिसली होती मुळं. पांढरी, दोऱ्यासारखी. तीन."

आत्यांनी शेंड्याला दोन बोटांनी हलकंच ढकललं. हलला नाही. "मग आज चमचाभर पाणी घाल," त्या म्हणाल्या. "तुझ्याच हाताने. आणि किल्लीची आणखी एक प्रत करून घे, ती जुनी अडकते."

मी चमच्याने पाणी घातलं. ठकी माझ्या पायाला धरून उभी होती.

हे सगळं लिहायला बसले ते कॅक्टसबद्दल सांगायला, पण सांगायचं वेगळंच आहे. तुमचं कुणीतरी असेल, ज्याचा फोन तुम्ही दोन-चार दिवस उचलला नाही. भांडण नसेल, नुसती एखादी लाजिरवाणी गोष्ट मध्ये आली असेल. हे वाचून झालं की त्यांच्याकडे जाऊन या. फोनवर "मी बरी आहे" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून स्वतः जा. जवळ बसा, समोरचं माणूस रागावलं तरी चालेल, चादर बाजूला करा आणि दोन्ही पाय नीट बघा.